लाल वाइनची पारख आणि वाइन द्राक्षांचा बागायतदार



काढणीचा हंगाम सुरू झाला की वाइन द्राक्षांच्या बागायतदारांची पत्रे आमच्या कार्यक्रमाकडे येऊ लागतात. त्यांत एक गाऱ्हाणे हमखास असते. माल वायनरीच्या दारात नेला, साखर बरोबर भरली, तरी "पीएच जास्त आहे", "घडांना वास येतो" असे सांगून भाव कापला, नाही तर गाडीच परत पाठवली. बागायतदार विचारतो, "द्राक्ष गोड आहे, मणी निरोगी आहे, मग खोट कुठं आहे?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर नुसते बागेत उभे राहून मिळत नाही. ज्या वस्तूसाठी हे द्राक्ष घेतले जाते त्या वस्तूची पारख कशी करतात ते एकदा समजून घेतले पाहिजे. मग वायनरीचा केमिस्ट काय बोलतो त्याचा उलगडा होतो. तो खरे बोलतो की आपल्याला बनवतो, हेही कळते.

म्हणून या वेळी आपण एका लाल वाइनची पारख करू या. ही वाइन आपल्याकडची नाही. लेबनॉन देशातल्या एका कुटुंबाच्या मालकीची ती बाग आणि तीच वायनरी. नाव शातो मुझार. इतक्या लांबची वाइन घेण्याचे कारण असे, की तिच्यातले एक मुख्य द्राक्ष आपल्या नाशिक-पुणे भागात लावले जाते तेच आहे, म्हणजे कॅबरने सोविन्यॉन. शिवाय ही वाइन जगभर जितकी नावाजली गेली, तितकीच तिला नावेही ठेवली गेली. आणि नावे ठेवली गेली ती नेमकी त्या दोषांवरून, ज्यांच्यामुळे आपल्या बागायतदाराची गाडी परत येते.

एक खुलासा आधीच करून टाकतो. वाइन प्यावी असा प्रचार करण्यासाठी हे पत्रक नाही. घरी वाइन करायला परवाना लागतो, तेव्हा त्या भानगडीतही कुणी पडू नये. आपल्याला पाहायचे आहे ते आपल्या मालाचे पुढे काय होते एवढेच.

बाग कुठे आहे, कशी आहे

लेबनॉनमध्ये समुद्राला समांतर अशी डोंगरांची मोठी रांग आहे. तिच्या पलीकडे, दोन रांगांच्या मध्ये, बेका नावाचे लांबट खोरे आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर. हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ, उन्हाळा कोरडा, दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा. जमीन खडकाळ, गोटे-मुरमाची, खाली चुनखडी. मुझारच्या लाल द्राक्षांच्या बागा याच खोऱ्यात काफ्राया आणि आना या गावांच्या शिवारात आहेत. वायनरी मात्र डोंगराच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला, गझीर गावी एका जुन्या गढीत आहे. म्हणजे दर हंगामात द्राक्षे भरलेल्या गाड्या डोंगर ओलांडून आणाव्या लागतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

१९३० साली गॅस्टन होशार यांनी ही वायनरी सुरू केली. त्यांचे चिरंजीव सर्ज होशार १९५९ पासून वाइन करण्याचे काम पाहू लागले. ते फ्रान्समध्ये बोर्दो येथे शिकलेले, आणि शिकलेले तेही एमिल पेनो यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली. सर्ज होशार २०१४ च्या अखेरीस वारले. आज पुढची पिढी कारभार पाहते.

वेली मांडवावर किंवा तारेवर चढवलेल्या नाहीत. बुटक्या खोडावर झुडपासारख्या वाढवलेल्या आहेत. पाणी पावसाचे. त्यामुळे उत्पादन कमी, मणी लहान. लाल वाइनसाठी तीन जाती मिसळतात. कॅबरने सोविन्यॉन हे जाड सालीचे, बारीक मण्याचे द्राक्ष. त्याने रंग, तुरटपणा आणि वाइनला हाडापेराचा बळकटपणा येतो. सिन्सो हे मोठ्या मण्याचे, मऊ, सुवासाचे. आणि कारिन्यान हे आंबटपणा टिकवून धरणारे. तिन्ही वेगवेगळ्या टाक्यांत आंबवतात. जात जशी पिकेल तसे मिसळण्याचे प्रमाण दर साली बदलते.

टाक्या सिमेंटच्या आहेत. यीस्ट बाहेरून विकत आणून घालत नाहीत. द्राक्षाच्या सालीवर आणि वायनरीत जे यीस्ट असते त्यावरच आंबवण होते. त्यानंतर वर्षभर ओक लाकडाच्या पिंपांत, मग मिश्रण, मग बाटलीत. बाटलीत भरताना वाइन गाळत नाहीत. भरलेल्या बाटल्या तळघरात ठेवून देतात आणि काढणीनंतर सातव्या वर्षी बाजारात आणतात. सात वर्षे! आपला बागायतदार सात महिने पैसे थकले की कासावीस होतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पण ज्यांची बाग, वायनरी आणि तळघर एकाच घरचे आहे, आणि ज्यांच्यावर वर्षाच्या हिशेबाचा तगादा लावणारे भागधारक नाहीत, त्यांनाच हा सबुरीचा धंदा जमतो.

पेल्यात काय पाहतात

वाइनची पारख करणारा माणूस तीन कामे करतो. पाहतो, हुंगतो आणि तोंडात घोळवतो. गिळलेच पाहिजे असे काही नाही. पारखी मंडळी दिवसाला पन्नास-पन्नास वाइन तपासतात आणि तोंडातली थुंकून टाकतात.

आधी रंग. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरतात. मुझारची लाल वाइन गडद जांभळी नसते. ती बरीच फिकी, विटकरी कडेची दिसते आणि पेल्याच्या आरपार दिसते. नवखा माणूस म्हणेल, रंग कमी आहे. पारखी तसे म्हणत नाही. लाल द्राक्षाचा रंग सालीत असतो, गराला रंग नसतो. आंबवताना साल रसात राहिली म्हणजे रंग उतरतो आणि वाइन मुरत जाईल तसा तो जांभळ्याकडून विटकरीकडे जातो. सात वर्षांची वाइन विटकरी दिसली तर ते वय झाले. पण एका वर्षाच्या वाइनची कड विटकरी दिसली तर काही तरी बिघडले आहे. द्राक्ष उन्हाने भाजलेले होते, पीएच चढलेला होता किंवा वाइनला हवा लागली होती. बाटलीच्या तळाशी साका बसतो, कारण वाइन गाळलेली नाही. तो दोष धरत नाहीत.

मग वास. पारखीचे अर्धे काम इथेच होते. मुझारमध्ये सुकवलेल्या चेरीचा, मनुक्यांचा, अंजिराचा वास येतो, लवंगेसारखा मसालेदारपणा असतो, कमावलेल्या चामड्याचा थोडा वास असतो. आणि त्याबरोबर वर तरंगणारा एक झणका असतो. कुणाला तो नखाच्या पॉलिशसारखा वाटतो, कुणाला सिरक्यासारखा, म्हणजे व्हिनेगरसारखा. काही सालांच्या बाटल्यांत गोठ्याची आठवण करून देणारा वासही असतो. वादाचे मूळ या दोन वासांत आहे. त्याकडे येतोच.

शेवटी तोंड. इथे चार गोष्टी तोलतात. आंबटपणा, तुरटपणा, मद्यार्काचा उष्णपणा आणि फळाची चव. मुझारमध्ये मद्यार्क साधारण १३ ते १४ टक्के. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का मद्यार्क होतो, हे गणित लक्षात ठेवले म्हणजे वायनरी २३-२४ ब्रिक्स का मागते ते समजेल. तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. कच्ची सुपारी चावली की हिरड्या आवळतात, तसा तुरटपणा असेल तर द्राक्ष कच्चे होते. पिकल्या जांभळासारखा, जिभेवर पसरणारा आणि मग विरून जाणारा असेल तर द्राक्ष पिकलेले होते. मुझारचा तुरटपणा दुसऱ्या प्रकारचा आहे. एक तर द्राक्ष पिकवून तोडतात, शिवाय वर्षानुवर्षे मुरल्याने तो मऊ होतो. आंबटपणा अजून जिवंत असतो, म्हणून वाइन जुनी होऊनही सपक लागत नाही. चव गिळल्यावर बराच वेळ राहते. या वाइनच्या बाटल्या तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे टिकतात, असे जाणकारांच्या अनुभवाला आले आहे.

कौतुक आणि टीका

१९७९ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला वाइनचे प्रदर्शन भरले होते. तिथे मायकेल ब्रॉडबेंट या मोठ्या पारख्याने मुझारची १९६७ सालची वाइन चाखली आणि प्रदर्शनात सापडलेली खरी नवलाई हीच, असे जाहीर केले. तेव्हा लेबनॉनमध्ये यादवी युद्ध चालू होते, घरचे गिऱ्हाईक तुटले होते. इंग्लंडची बाजारपेठ उघडली ती अशी. १९८४ साली 'डिकँटर' या वाइनच्या मासिकाने सर्ज होशार यांना वर्षाचा मानकरी ठरवले. हा मान मिळवणारे ते पहिलेच.

दुसरी बाजू अशी. टीकाकार म्हणतात, जो झणका येतो तो बाष्पशील आम्लाचा, म्हणजे मुख्यतः ॲसेटिक आम्लाचा. व्हिनेगर ज्याने आंबट होते तेच हे आम्ल. हवा मिळाली की ॲसेटिक जिवाणू मद्यार्काचे आम्ल करतात, आणि त्याच्या जोडीने नखाच्या पॉलिशचा वास देणारे एथिल ॲसिटेटही तयार होते. युरोपात लाल वाइनमध्ये हे आम्ल लिटरला १.२ ग्रॅमपर्यंत कायद्याने चालते, पण कसलेल्या नाकाला ते त्याच्या कितीतरी आधी जाणवते. गोठ्याचा वास ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा. स्वच्छता सैल असेल, गंधक कमी असेल तर ते पिंपात ठाण मांडते. शिवाय एकाच सालाच्या दोन बाटल्या सारख्या लागत नाहीत, हीही तक्रार आहे. गंमत अशी, की बाष्पशील आम्लाला वाइनमध्ये थारा देऊ नका, निरोगी द्राक्ष घ्या, टाक्या स्वच्छ ठेवा, असे आयुष्यभर सांगणारे गुरू म्हणजे सर्ज होशार यांचे पेनो. शिष्याने गुरूचे सगळे शिकून घेतले आणि मग आपल्या वाटेने गेला.

मग ही वाइन चांगली की वाईट? काटेकोर गुण देणारा परीक्षक तिचे वासाचे गुण कापील, आणि त्याला दोष देता येणार नाही. माझे मत विचाराल तर वाइन उत्तम आहे. कारण असे, की थोडा झणका सोसण्याइतके फळ, आंबटपणा आणि तुरटपणा तिच्या अंगात आहे. वरणात हिंग चिमूटभर असला तर वरण खुलते, पण नुसत्या पाण्यात तेवढाच हिंग टाकला तर ते पाणी पिववत नाही. कमी उत्पादनाच्या, जुन्या, कोरडवाहू वेलींचे द्राक्ष असल्यामुळे मुझारला हे पेलते. तेवढेच बाष्पशील आम्ल पाणी जास्त झालेल्या, ओझ्याने लादलेल्या बागेच्या वाइनमध्ये आले तर तिला सरळ व्हिनेगरच म्हणतील. म्हणून "परदेशात असा वास चालतो, मग आमच्याच मालाला का नाही?" हा युक्तिवाद कुणी वायनरीच्या दारात करू नये. तो टिकत नाही.

गाड्या अडकल्या त्या साली

आता डोंगर ओलांडणाऱ्या गाड्यांकडे वळू. १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षे लेबनॉनमध्ये लढाई चालली. बेका खोऱ्यातली द्राक्षे गझीरला आणायची म्हणजे नाके, तोफा, बंद रस्ते यांतून आणायची. तरीही होशार कुटुंबाने जवळजवळ दर वर्षी वाइन केली. १९७६ साली मात्र झाली नाही. आणि १९८४ साली, ज्या वर्षी मासिकाने मान दिला त्याच वर्षी, द्राक्षांच्या गाड्या लढाईमुळे वाटेत अडकल्या. मोठा वळसा घेऊन त्या पोचेपर्यंत द्राक्षे गाडीतच आंबू लागली होती. वाइन केली, पण त्या सालची म्हणून ती तेव्हा बाजारात पाठवली नाही. घरावर संकट, तिजोरीत खडखडाट, तरी माल मागे ठेवला. एका सालची विक्री बुडाली, पण नाव राहिले.

आपल्याकडे तोफा नाहीत. पण मजूर उशिरा आले म्हणून तोडणी बारा वाजेपर्यंत चालली, गाडी मिळेना म्हणून क्रेट बांधावर उन्हात राहिले, मग वायनरीच्या दारात पंधरा गाड्यांची रांग, असे झाले की चेंगरलेल्या मण्यांतून रस गळतो, चिलटे बसतात, ती जिवाणू आणि रानटी यीस्ट सगळ्या क्रेटांत पसरवतात. संध्याकाळपर्यंत आंबूस वास सुटतो. घड वरून ताजे दिसतात. केमिस्ट क्रेटच्या तळाशी हात घालून हुंगतो ते याच्यासाठी. हा झणका एकदा रसात उतरला की वाइनमधून काढून टाकण्याचा स्वस्त उपाय नाही.

तेव्हा तोडणी पहाटे सुरू करून उन्हे तापायच्या आत, नऊ-दहापर्यंत, संपवावी. क्रेट वीस किलोच्या आसपासच भरावा, घड दाबून बसवू नयेत, एकावर एक क्रेट ठेवताना खालचे मणी फुटता कामा नयेत. तडकलेले, भुरीचे, पक्ष्यांनी टोचलेले घड बागेतच बाजूला काढावेत. एका क्रेटमध्ये दोन नासके घड गेले तर सबंध गाडीवर शंका येते. गाडीवर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधू नये, आत वाफ धरते. सावलीला जाळी किंवा कापड घालावे. क्रेट रोज धुवावेत. कालच्या रसाचे डाग असलेला क्रेट म्हणजे व्हिनेगरचे विरजणच, असे समजा. आणि वायनरीची वेळ आधी ठरवून घेऊनच तोडणीला हात घालावा.

पीएच म्हणजे काय भानगड आहे

बहुतेक भांडणे या एका शब्दावर होतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पीएचचा आकडा जितका कमी, तितके आम्ल प्रखर. लाल वाइनच्या द्राक्षरसाचा पीएच साधारण ३.४ ते ३.६ असावा अशी अपेक्षा असते. तो ३.८ च्या वर गेला की रंग निळसर-मळकट होतो आणि चव सपक होते. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. वाइन राखण्यासाठी जे गंधक वापरतात त्याचा जोर पीएचवर ठरतो. ३.४ पीएचला जे काम लिटरमागे ३२ मिलिग्रॅम मुक्त गंधक डायऑक्साइड करतो, त्याच कामाला ३.८ पीएचला जवळजवळ अडीच पट लागतो. म्हणजे पीएच चढलेला माल घेतला की व्हिनेगर करणारे जिवाणू आणि गोठ्याचा वास देणारे यीस्ट यांना वायनरीत रान मोकळे. केमिस्ट साखरेआधी पीएच पाहतो ते उगाच नाही.

आता आपल्या बागेत पीएच का चढतो? पहिले कारण हवामानाचे. बेका खोऱ्यात द्राक्ष पिकते ते उन्हाळा सरत असताना, पिकण्याचा शेवट गारव्याकडे जातो. आपल्याकडे ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, आणि द्राक्ष पिकते ते थंडी सरून ऊन वाढत असताना. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन चढले की मॅलिक आम्ल भराभर जळून जाते. साखर दोन अंश वाढावी म्हणून बाग आठ दिवस जास्त ठेवली तर तेवढ्यात आम्ल हातचे जाते. हवामान आपल्या हातात नाही. छाटणीची तारीख आहे. लाल जातींची छाटणी वायनरीशी बोलूनच ठरवावी, सगळी बाग एका दिवशी छाटून सगळा माल एकदम पिकवू नये.

दुसरे कारण पालाशाचे. खाण्याच्या द्राक्षाला गोडी आणि चकाकी यावी म्हणून पोटॅश सोडायची आपल्याला सवय लागली आहे. वाइन द्राक्षात हाच जादा पालाश मण्यात जाऊन आम्लाला निष्प्रभ करतो आणि पीएच वर चढतो. त्यात खुंटरोप डॉगरिज असेल तर ते मुळातच पालाश जास्त उचलते. आपल्याकडे क्षार आणि पाण्याची टंचाई सोसते म्हणून डॉगरिज सर्रास लावले गेले, ते खाण्याच्या द्राक्षाला ठीकच. वाइन द्राक्षाची नवी बाग लावणाऱ्याने ११० आर खुंटाचा विचार करावा. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे माती-पाण्याचा तपास दाखवून खुंटाची निवड करावी. जुनी डॉगरिजवरची बाग असेल तर निदान पानदेठाचा तपास केल्याशिवाय पोटॅशची गोणी फोडू नये. शेजाऱ्याने टाकले म्हणून आपणही टाकले, हा प्रकार वाइन द्राक्षात महागात पडतो.

तिसरे कारण दाट पाल्याचे. सावलीतल्या घडातही पालाश आणि पीएच चढतो, रंग कमी भरतो. वरून कॅबरनेला ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास राहतो. पारखी तो लगेच ओळखतो. मुझारसारखी सात वर्षे थांबायला जागा आणि पैसा असेल तर थोडी कसर मुरून भरून निघते. आपल्याकडची बहुतेक लाल वाइन त्याच्या कितीतरी आधी विकली जाते. तेव्हा हिरवटपणा आणि कच्चा तुरटपणा बागेतच जिरला पाहिजे. मणी रंगू लागण्याच्या सुमारास घडाभोवतीची सकाळच्या उन्हाच्या बाजूची पाने विरळ करावीत. दुपारच्या बाजूची तशीच ठेवावीत, नाही तर मणी भाजतात. खाण्याच्या द्राक्षासारखी मण्याची फुगवण करण्यासाठी जीए वापरू नये. मणी मोठा झाला की रसाच्या मानाने साल कमी पडते, आणि रंग तर सालीत. वेलीवरचे ओझेही खाण्याच्या द्राक्षाच्या साधारण निम्मेच ठेवावे लागते. करार करताना हेच लक्षात घेऊन भाव मागा. निम्म्या वजनाला खाण्याच्या द्राक्षाचाच भाव मिळणार असेल तर गणित बसत नाही.

भुरीसाठी गंधकाची फवारणी काढणीच्या महिना-सव्वा महिना आधी थांबवावी. सालीवर गंधक राहिले तर आंबवताना कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि तो कुणाच्या बागेचा हे वायनरीला टाकीवरून समजते.

आपले मोजमाप आपल्याकडे

२००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, वायनऱ्या वाढल्या, पाहता पाहता वाइन द्राक्षांच्या बागा वाढल्या. २००८ नंतर मंदी आली, मागणी घटली, माल पडून राहिला, कित्येकांचे पैसे अडकले आणि अनेकांनी उभ्या बागा तोडल्या. ज्या साली मागणी कमी असते त्या साली पीएचची आणि वासाची तक्रार जास्त निघते, हे अनुभवी बागायतदार जाणून आहेत. ती तक्रार खरी की खोटी, हे आपल्याकडे आकडे असले तरच सांगता येते.

म्हणून काढणीच्या तीन आठवडे आधीपासून दर तीन-चार दिवसांनी नमुना घ्यावा. एकच घड तोडून चालत नाही. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, बागेच्या निरनिराळ्या भागांतून, घडाच्या वरचे, मधले, खालचे असे मिळून शंभर ते दोनशे मणी घ्यावेत. कडेच्या ओळी सोडाव्यात. वेळ रोज सकाळचीच असावी. मणी प्लास्टिकच्या पिशवीत हाताने चुरडून रस गाळावा. ब्रिक्स मीटरने साखर आणि छोट्या पीएच मीटरने पीएच पाहावा. मीटर बफरच्या द्रावणाने आधी जुळवून घ्यावे, नाही तर आकडा फसवतो. चार बागायतदारांनी मिळून एक मीटर घेतले तरी भागते. मग दोन-चार मणी चावून पाहावेत. बी तपकिरी होऊन कुरकुरीत फुटते का? साल चघळल्यावर हिरड्या आवळतात की रस सुटतो? बी हिरवट असेल तर ब्रिक्स २४ दाखवत असला तरी द्राक्ष कच्चे आहे.

तारीख, साखर, पीएच आणि बियांचा रंग हे सगळे वहीत मांडावे आणि शेवटच्या दोन नमुन्यांच्या वेळी वायनरीच्या माणसाला बागेत बोलावून त्याची सही घ्यावी. करारनाम्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. साखर आणि पीएच कोणत्या मर्यादेत चालेल आणि त्याबाहेर गेल्यास भाव किती कापणार. नमुना बागायतदाराच्या समोर काढून तपासणार की नाही. आणि ठरलेल्या वेळेला गाडी दारात पोचल्यावर वायनरीने ती ताटकळत ठेवली तर त्या उशिरात झालेल्या खराबीची जबाबदारी कुणाची. तिसरे कलम छापील करारात सहसा नसते. ते हाताने लिहून त्याच्याखाली दोघांच्या सह्या घेतल्या तरी चालते.